तिसरी भाकरी मागायची की नाही?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी २९ वर्षांची आहे, नोकरी करते आणि सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. पहिलं बाळंतपण सातारा जिल्ह्यात माहेरी झालं, दीड महिन्याने ती पिंपरी-चिंचवडला सासरी आली. मुलगी आता तीन महिन्यांची आहे आणि फक्त अंगावर पिते. जन्मताना वजन २.९ किलो होतं, परवा ५.४ भरलं. आईला मात्र दिवसभर भूक भूक होते, रात्री पाजून झाल्यावर तर पोटात खड्डा पडतो. घर शाकाहारी. बाळाला वायू धरेल म्हणून सासूबाईंनी तूर, हरभरा, मटकी, कोबी, फ्लॉवर, दही, केळं असं सगळं बंद ठेवलंय. सकाळी चहा-टोस्ट, नऊच्या सुमाराला डिंकाचा लाडू, दुपारी दीडला मऊ भात, मुगाचं पातळ वरण आणि दुधी नाहीतर पडवळ, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री नवाच्या आत दोन भाकऱ्या आणि दुपारचीच भाजी. रात्री दोनला ती स्वयंपाकघरात जाऊन दिवा न लावता बिस्किटांचा पुडा संपवते, आणि खाताना तिला रडू येतं. गरोदरपणात वाढलेल्या वजनातले सात किलो अजून उतरलेले नाहीत. ‘केवढं खातेस गं’ असं नणंद हसत म्हणाली, तेव्हापासून ताटावर बसून तिसरी भाकरी मागायची तिला लाज वाटते. ती विचारते, “ताई, पोट भरेल, दूध कमी होणार नाही आणि वजनही वाढणार नाही असं काय खाऊ? ही भूक नॉर्मल आहे, की मला खायची सवयच लागलीय?”

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला एकेरीच हाक मारते.

तुझं पत्र वाचताना मी सगळ्यात आधी लेकीच्या वजनापाशी थांबले. तीन महिन्यांत अडीच किलो! पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज २० ते ३० ग्रॅमने वाढत असेल तर डॉक्टर निर्धास्त असतात, आणि तुझी लेक त्यातही वरच्या अंगाला आहे. तिच्या पोटात दुसरं काही गेलेलं नाही. वरचं पाणीसुद्धा नाही. म्हणजे हे अडीच किलो सगळेच्या सगळे तुझ्या अंगातून आले. एवढं देणाऱ्या बाईला भूक लागणार नाही तर कोणाला लागणार? ती सवय नाही, खादाडपणा तर मुळीच नाही.

आता जरा हिशोब बघू. या वयाचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. ते तयार करायला शरीराला इंधन लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० साली भारतीयांसाठी जे आहाराचे आकडे दिले, त्यात अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने एरवीपेक्षा रोज ६०० कॅलरी आणि जवळजवळ १७ ग्रॅम प्रथिनं जास्त सांगितली आहेत. सहा महिन्यांनंतर बाळ वरचं खायला लागलं की हा जादा आकडा ५२० कॅलरींवर येतो. ६०० कॅलरी म्हणजे ताटात काय? दोन मध्यम भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण, चमचाभर तूप आणि छोटी मूठ शेंगदाणे. एवढ्यात ती १७ ग्रॅम प्रथिनंही भरून निघतात. गरोदर होण्याआधी तू जे जेवायचीस ते सगळं, आणि वर हे एक जेवण.

हे समोर ठेवून तुझा दिवस पुन्हा वाच. वर एक जेवण चढायचं सोडून, पथ्याच्या नावाखाली आहे त्यातल्याच वस्तू कमी झाल्यात. सकाळी सातला चहा-टोस्ट, मग दुपारी दीडपर्यंत एक लाडू. बाळ या वेळात तीनदा तरी प्यालं असेल. रात्री नवाला तू जेवतेस आणि पुढचं खाणं सकाळी चहाबरोबर. मध्ये दहा तास आणि त्यात पाजणं दोनदा-तीनदा. रात्री दोनला तू स्वयंपाकघरात जातेस यात नवल काहीच नाही. नवल याचं वाटतं, की आपल्या घरात खायला तुला दिवा न लावता जावंसं वाटतं. याबद्दल पुढे बोलते.

तू विचारलंस, काय खाऊ. तुझ्या प्रश्नात एक गृहीत आहे, की असा कुठला तरी खास पदार्थ असेल ज्याने पोट भरेल, दूध येईल आणि वजनही राहील. हा प्रश्न मला बऱ्याच जणींकडून येतो आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर लाडवाची नाहीतर कुठल्यातरी पावडरीची चौकशी असते. मला वाटतं तुझी गरज पदार्थाची कमी आणि जेवणाची जास्त आहे. दोन जेवणं आणि दोन चहा यावर तुझा दिवस निघणार नाही. तीन पूर्ण जेवणं, मध्ये दोनदा पोटाला आधार होईल असं खाणं आणि रात्रीसाठी उशाशी डबा, एवढं लागेल.

आधी तुझं वरण घे. मुगाचं पातळ वरण पचायला हलकं, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत ते योग्यच होतं. पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम दोन चमचे असते, बाकी पाणी. तीन महिन्यांनी तुला तेवढं पुरणार नाही. त्याच कुकरात डाळ दुप्पट लाव. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम कच्च्या डाळीतून सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. दुपारी अशी एक घट्ट वाटी आणि रात्री भाकरीबरोबर पिठलं, उसळ किंवा डाळीत शिजवलेली पालेभाजी असली, की तुझ्या भुकेत आठवड्याभरात फरक दिसेल. बिस्किटं आणि टोस्ट मैद्याचे आणि साखरेचे, पोटात जातात तसे उतरतात. भाकरी-डाळ-भाजी-तूप एकत्र असलं की तेच पोट चार तास शांत राहतं. रात्री अख्खा पुडा खाऊनही तुझं भागत नाही, त्याचं कारण हेच. त्यात तुझ्या मनाचा कमकुवतपणा शोधू नकोस.

सकाळचा चहा-टोस्ट मात्र मला अगदीच खटकला. रात्रभर पाजलेल्या बाईचं हे पहिलं खाणं! आठ-साडेआठला गरम आणि भरपूर काहीतरी हवं. भाजणीचं थालीपीठ घे. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद सगळं आधीच भाजून दळलेलं असतं, म्हणून ती पोटाला जड होत नाही. त्यात कांदा, कोथिंबीर, तीळ घालायचे आणि वर लोण्याचा गोळा. दोन थालीपिठं खाल्लीस तर दुपारपर्यंत खंगल्यासारखं वाटणार नाही. मूगडाळीचं घावन, भाज्या घातलेला दलियाचा उपमा, नाचणीची दुधातली आंबील, रात्रीच्या भाकरीचा दूध घालून केलेला काला, काहीही चालेल. पोहेसुद्धा चालतील, फक्त त्यात मूठभर शेंगदाणे आणि मटार घाल, नुसते पोहे दीड तासात उतरतात. नाचणी आठवड्यातून तीन-चारदा पोटात जाऊ दे. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि पाजणाऱ्या आईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. आईच्या खाण्यात कॅल्शियम कमी पडलं तरी दुधात ते उतरतंच, शरीर ते हाडांमधून काढून देतं. पाजणं थांबल्यावर हाडं बहुतेक भरून येतात, पण ती भरायला आपण काहीतरी पुरवायला हवं ना.

हळीव तुझ्या आईने दिले असतील, नसतील तर किराणा दुकानात मिळतात. दोन चमचे हळीव रात्री नारळाच्या पाण्यात नाहीतर दुधात भिजत घाल. सकाळी ते फुगून बुळबुळीत होतात, प्रत्येक दाण्याभोवती साय धरल्यासारखं दिसतं. मग जाड बुडाच्या पातेल्यात ओला नारळ आणि गूळ घालून मंद आचेवर परतत राहायचं. आधी सगळं सैल होतं, मग हळूहळू पातेल्याची कड सोडायला लागतं. वेलची-जायफळ घालून उतरवायचं. लाडू वळायला वेळ नसेल तर नुसतंच वाटीत घे, चव तीच. यात लोह आहे, चोथा आहे, आणि बाळंतपणानंतर पोट साफ होण्याची जी रड असते ती कमी होते. तुझ्या डिंकाच्या लाडवापेक्षा मला तरी रोजच्यासाठी हे बरं वाटतं.

डिंकाचा लाडू टाक असं मी म्हणत नाही. आईने तूप, खारीक, खोबरं, खसखस घालून केलेला लाडू आहे तो, आणि सकाळी अर्ध्या झोपेत काहीच करायची ताकद नसते तेव्हा त्याच्यासारखा आधार नाही. पण तो दिवसाला एक, जेवणाच्या जोडीला. भूक लागली की लाडू, मग पुन्हा लाडू, असं सुरू झालं की जेवण मागे पडतं आणि प्रथिनं, भाज्या दोन्ही राहून जातात. मेथीचे लाडू आणि शतावरीने दूध वाढतं असं पुष्कळ जणी सांगतात. त्याला शास्त्रीय पुरावा तोकडा आहे. खायला हरकत नाही, पण मधुमेहाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यायचं. दूध खरं वाढतं ते बाळ वरचेवर आणि नीट पिण्याने. छाती रिकामी होते तसं नवं दूध तयार होतं. तुझ्या लेकीचं वजन सांगतंय की ते काम छान चाललंय. बाळ दिवसातून सहा-सात वेळा तरी भरपूर शू करतंय, वजन वाढतंय, एवढ्यावरून दूध पुरतंय हे समजायचं. छाती हलकी वाटते किंवा बाळ अर्ध्या तासात पुन्हा मागतं म्हणून दूध आटलं असं मानायचं नाही. अधूनमधून दोन-तीन दिवस बाळं अशी सारखी पितात, ती वाढीची वेळ असते, आणि त्या दिवसांत आईची भूकही वाढते.

पाण्याचं तहानेवर सोड. तांब्याभर पाणी बळंच पिऊन दूध वाढत नाही. पाजायला बसलं की घसा कोरडा पडतो, तेव्हा हाताशी पाणी असलं म्हणजे झालं. चहा दिवसाला दोन-तीन कपांच्या पुढे नको, आणि जेवणाला लागून तर नकोच, कारण चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

आता वायूचं. सासूबाईंवर रागावू नकोस, हे मी मनापासून सांगते. ही पथ्यं त्यांनी काढलेली नाहीत, त्यांच्या सासूने त्यांना पाळायला लावली असतील. बाळंतीण टाक्यांनी, रक्तस्रावाने थकलेली, पचन मंदावलेलं, तेव्हा पहिले काही दिवस मऊ भात, तूप, लसूण, शेपू, बाळंतशोपा यांवर ठेवण्यात शहाणपण होतं. तेच पथ्य तीन महिने लांबलं की त्याने उपासमार व्हायला लागते. हरभरा किंवा कोबी खाऊन आईला जो वायू होतो, तो न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात आंबून होतो. दूध तयार होतं रक्तापासून. आतड्यातला वायू रक्तातून दुधात आणि दुधातून बाळाच्या पोटात जात नाही. बाळ संध्याकाळी रडतं ते आईने मटकी खाल्ली म्हणून नाही, पहिल्या दोन महिन्यांत सगळीच बाळं जास्त रडतात. साधारण सहाव्या आठवड्यात हे रडणं शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. आई कोबी खात असो किंवा नुसता दुधी, हे असंच होतं.

आईच्या खाण्यातलं काहीच बाळाला बाधत नाही, असंही नाही. गाई-म्हशीच्या दुधातली प्रथिनं थोड्या प्रमाणात आईच्या दुधात उतरतात आणि मोजक्या बाळांना ती सोसत नाहीत. अशा वेळी बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा चिकट शेंब दिसतो, अंगावर पुरळ उठतं, वजन रखडतं. असं काही दिसलं तर डॉक्टर सांगतील तेवढीच वस्तू तेवढे दिवस बंद करायची. दहा वस्तू अंदाजाने बंद करण्यात काही हशील नाही.

घरात हे कसं सांगायचं? वाद घालून नको. तुझ्या लेकीची चौदाव्या आठवड्याची लस आता येईलच. त्या दिवशी सासूबाईंनाच बरोबर ने आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना सरळ विचार, “मी काय काय खाऊ शकते? डाळी, उसळी, दही खाल्लं तर बाळाला त्रास होईल का?” सुनेने सांगितलं तर तो हट्ट वाटतो, डॉक्टरांनी सांगितलं की औषध होतं. हे असं असायला नको, पण सध्या तुला ताटात उसळ हवी आहे, त्यामुळे जो रस्ता लवकर पोचवतो तो घे. मग घरी आल्यावर एकेक वस्तू सुरू कर. आधी मोड आलेले मूग, आलं-हिंग-ओव्याची फोडणी देऊन नीट शिजवलेले. दोन-तीन दिवस जाऊ दे. मग मसूर, मग तूर, मग मटकी-चवळी, हरभरा सगळ्यात शेवटी. बाळ ठीक आहे हे सासूबाई रोज डोळ्यांनी बघतील, त्यांची धास्ती आपोआप कमी होईल. दही दुपारी ताजं घे, केळं कधीही खा. त्यांनी सर्दी होते असं म्हटलं तर म्हणावं, “आई, चार दिवस खाऊन बघते, तुम्हीच लक्ष ठेवा.” लक्ष ठेवण्याचं काम त्यांच्याकडे दिलं की त्या तुझ्या बाजूने येतील असा माझा अंदाज आहे.

रात्रीच्या डब्यासाठी मात्र नवऱ्याला कामाला लाव. त्याला बाळाला पाजता येणार नाही, डबा भरता येतो. झोपण्याआधी तू जिथे पाजायला बसतेस तिथे, डाव्या किंवा उजव्या ज्या हाताने तू बाळ धरत नाहीस त्या बाजूला, डबा आणि पाण्याची बाटली ठेवायची. डब्याचं झाकण एका हाताने उघडता यायला हवं, फिरकीचं नको. आत काय? दुपारच्या थालीपिठाचे किंवा मेथीच्या पराठ्याचे चतकोर, आत शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी लावून गुंडाळलेले, म्हणजे सांडत नाहीत. फुटाणे आणि गुळाचा खडा, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे-खजुराची वडी, एखादं केळं. गरम दूध हवं असेल तर थर्मासमध्ये, पण ते बाळ मांडीवर असताना प्यायचं नाही, पाळण्यात ठेवल्यावरच. आणि यातलं थोडं रात्री अकराच्या पाजण्याला खाऊन टाक. दोनपर्यंत भूक साठू दिलीस की हात बिस्किटांकडेच जाणार. काही बायका नऊचं जेवण दोन भाग करतात, अर्धं नवाला आणि अर्धं अकराला. तुझ्या घरात जमत असेल तर तेही चांगलं.

वजनाबद्दल तुझ्या मनात घाई आहे, आणि नणंदेच्या त्या वाक्याने ती वाढली आहे. गरोदरपणात शरीर चरबी साठवतं ती पुढे पाजण्यासाठीच, आणि ती महिन्याभरात उतरत नाही. तीन महिन्यांत सात किलो उरणं यात काळजीचं काही नाही. नीट जेवत राहिलीस, रोज संध्याकाळी बाळाला घेऊन अर्धा तास चाललीस आणि बिस्किटं-टोस्ट-फरसाण यांची जागा जेवणाने घेतली, तर वजन हळूहळू खाली येईल. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वेगाने उतरवायचं मनातही आणू नकोस. संकष्टी, सोमवार असे उपास धरत असशील तर पाजणं चालू आहे तोवर राहू देत. देवाला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. उपासाच्या नावाने साबुदाणा आणि वेफर खाऊन तर दोन्हीकडून नुकसान.

नणंदेला उत्तर द्यायचंच असेल तर साधं द्यावं. “हो, भूक खूप लागते. डॉक्टर म्हणाले, पाजतेय तोवर एक जेवण जास्त हवं.” आवाज न चढवता, आणि हे म्हणत असताना भाकरी ताटात घ्यावी. पण मला वाटतं तिच्या वाक्यापेक्षा मोठी अडचण वाढण्याच्या पद्धतीची आहे. तू शेवटी जेवायला बसतेस का? भाकरी मोजून होतात का? पत्रात तू लिहिलं नाहीस, पण तिसरी भाकरी ‘मागायला’ लागते यावरून वाटलं. दोन भाकऱ्या जास्त थापायच्या, एवढंच काम आहे. हे नवऱ्याने आईला सांगावं, तू नाही. आणि बाळ जागं असताना तुझं ताट थंड होत असेल, तर त्या वीस मिनिटांत बाळ दुसऱ्याने घ्यावं. आजी-आजोबा घरात आहेत, त्यांनाही ते आवडेल.

गोळ्यांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून विचारते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चालू आहे ना? बाळंतपणानंतर सहा महिने दोन्ही घ्यायच्या असतात, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. पुष्कळ जणी घरी आल्यावर आठवड्याभरात बंद करतात. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, मध्ये निदान दोन तास हवेत. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतली तर चांगली लागू पडते. आणि तुमचं घर शाकाहारी आहे, म्हणून व्हिटॅमिन बी-१२ एकदा रक्तातून तपासून घेच. हे मी सगळ्या शाकाहारी आयांना कळकळीने सांगते. दुधा-दह्यातून ते थोडं मिळतं, पण बऱ्याचदा पुरत नाही. आईत कमी असेल तर दुधात कमी उतरतं आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. कमी निघालं तर उपाय सोपा आहे, डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतात. तू माहेरी अंडी खायचीस का मला माहीत नाही. खात असशील आणि घरच्यांची हरकत नसेल तर रोजचं एक अंडं म्हणजे सहा ग्रॅम प्रथिनं आणि थोडं बी-१२. हरकत असेल तर त्यावरून घरात तेढ नको, डाळी, दूध, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे यांत तुझं भागेल.

या निमित्ताने इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते. मासे-मटण खाणाऱ्या घरांत बाळंतिणीला रस्सा देतात, त्याबरोबर मांसही तिच्या ताटात पडू द्या. नुसत्या रश्श्यात प्रथिनं फारशी नसतात. कोकणात दूध यावं म्हणून मोरी, म्हणजे मुशी देतात, पण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो आणि मुशी त्यातलीच. तिच्याऐवजी बांगडा, तारली, मांदेली, बोंबील असे छोटे मासे आठवड्यातून दोनदा खावेत. ज्यांच्या घरी दोन वेळचंच ओढाताणीने भागतं, त्यांनी अंगणवाडी सेविकेकडे नाव जरूर नोंदवावं, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला पोषण आहार मिळतो. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा आयांना रोज एक ताजं, पूर्ण जेवण मिळतं. तो हक्क आहे, मागायला कमीपणा नाही. आणि परदेशात एकट्याने बाळंतपण काढणाऱ्या मैत्रिणींनो, नववा महिना लागला की पराठे, थालीपिठं, शिजवलेल्या उसळी भाग करून फ्रीझरमध्ये टाका. भेटायला येणारे काय आणू विचारतात, त्यांना कपडे-खेळणी नको, डबा आणा असं स्पष्ट सांगा.

भूक ही बहुतेक वेळा फक्त भूकच असते, तरी काही खुणा ठाऊक असू द्याव्यात. भरपूर खाऊनही वजन झपाट्याने उतरतंय, छातीत धडधडतं, हात कापतात, घाम फुटतो, असं असेल तर थायरॉइड तपासावं, बाळंतपणानंतर ते काही जणींचं बिघडतं. भुकेबरोबर तहान आणि लघवीही फार असेल, किंवा गरोदरपणात साखर वाढली होती, तर साखरेची तपासणी टाळू नये. आणि भूकच मेली आहे, कशातच मन लागत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, सारखं रडू येतं, असं दोन आठवडे चाललं तर ते डॉक्टरांना सांगायचंच. तू पत्रात लिहिलंस की अंधारात खाताना रडू येतं. ते संकोचामुळे असेल आणि जेवण नीट झालं की थांबेल, अशी मला आशा आहे. नाही थांबलं तर लसीच्या दिवशीच तेही बोल.

तुझी सव्वीस आठवड्यांची रजा संपेल तेव्हा लेक सहा महिन्यांची होत आलेली असेल. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. कंपनीत हे आत्ताच विचारून ठेव, रजेच्या शेवटच्या आठवड्यात नको. डब्याचंही आत्तापासून ठरव. दोन डबे लागतील, एक जेवणाचा आणि एक अकराला व चारला खायचा. जेवणाच्या डब्यात भाकऱ्या तीन.